दिवसाचं पाणी

संध्याकाळी भिमाजी गळ्यात पट्टा घालायला लागला की घरातलं कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नसे.

चामड्याचा रुंद पट्टा, बाहेरच्या अंगाला टोकदार खिळे असलेला. धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात असतो तसलाच, फक्त माणसाच्या मापाचा. बिबट्या पहिली मान धरतो, म्हणून पिंपरी पेंढारच्या मळ्यांमधली बरीच माणसं आता असले पट्टे घालून रात्रीची बाहेर पडत होती आणि त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं. पण लोकांच्या गळ्यात बघणं वेगळं आणि साठी उलटलेल्या आपल्या माणसाच्या गळ्यात बघणं वेगळं. भिमाजी मान वर करून उभा राहायचा, त्याची बायको चिमाबाई मागून बक्कल ओढायची, आणि धाकटा लेक सुदर्शन नेमका त्याच वेळेला गोठ्यात काहीतरी हुडकत बसायचा. सुदर्शनची बायको हर्षाली चुलीपुढून हे सगळं बघायची. आपला नवरा गोठ्यात रोज काय हुडकतो ते एकदा जाऊन बघावं, असं तिला वाटायचं. पण ती गेली नाही. गेली असती तर त्या माणसाला तोंड लपवायला ती एक जागा होती तीही उरली नसती.

"मांजराची जात ती," भिमाजी म्हणायचा. "नुसतं खाकरलं तरी पळतंय." मग बॅटरी, काठी आणि खोरं घेऊन तो कांद्याच्या वाफ्यांकडे चालू लागायचा.

करणार काय? शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी आली की पाणी रात्रीच धरायचं. कांद्याला तहान लागते ती काही माणसाची सोय बघून लागत नाही. आधी हे काम सुदर्शनचं होतं. दिवाळीच्या सुमाराला उसाच्या कडेला बिबट्यानं त्याच्यावर झेप घातली. शेजारच्या मळ्यातली माणसं आरडाओरडा करत धावली म्हणून जीव वाचला, पण उजवा खांदा फाटला. टाके पडले, इंजेक्शनं झाली, जखम भरली. उजव्या हाताची बोटं मात्र बधिर राहिली. आणि अंधार पडला की अंगणाच्या पुढं पाऊल टाकायला पाय तयार होईनात.

त्याला कुणी एका शब्दानं बोललं नाही. भिमाजीनं तर विषयच काढला नाही. दवाखान्यातून पोराला घरी आणलं, त्याच दिवशी कोपऱ्यातलं खोरं उचललं आणि स्वतः गेला. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं सुदर्शन एकदा हर्षालीजवळ बोलला होता. म्हातारा बाप बिनधास्त जातो आणि आपण तरणेताठे भिंतीला पाठ लावून बसतो, हे त्याला आतून पोखरत होतं. जेवताना तो बापाच्या ताटाकडेसुद्धा बघत नसे.

गोठ्याच्या मागं थोरल्या अमृतची कार पडली होती. अमृत पुण्याला नोकरीला. गावी येताना घाटात ट्रकनं मागून ठोकलं. तो बचावला, गाडीचा मागचा निम्मा भाग चेपून गेला. ती तिथं आणून लावली तेव्हापासून मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. इंजिनाला मात्र ओरखडा नव्हता. सुदर्शनच्या मनानं घेतलं, हे इंजिन काढायचं, जुन्या ट्रॉलीवर बसवायचं, विहिरीवर नेऊन त्याच्यावर पंप फिरवायचा. लाइटीची वाटच बघायची नाही. डिझेल जाईल ते जाईल, पण पाणी दिवसा द्यायचं आणि नानानं, म्हणजे बापानं, रात्री घरात झोपायचं.

आळेफाट्याचा एक वायरिंगवाला बोलावून आणला. त्यानं बॉनेट उघडून आत डोकावलं आणि हात झटकले. ही कॉम्प्युटरची गाडी आहे, इंजिन गाडीत आहे तोवर बोलेल, बाहेर काढलं की मुकं होईल, असं म्हणाला. चहा पिऊन गेला. सुदर्शन हट्टाला पेटला. इंजिनाचं त्याला कळत होतं. ट्रॅक्टर, मोटरसायकल, सगळं तो घरीच खोलायचा. पण वायरीच्या जोडाला जे प्लास्टिकचे कपलर असतात, त्यांची खिट्टी अंगठ्याच्या नखानं दाबल्याशिवाय ते सुटत नाहीत. उजव्या हातात ते बळ नव्हतं आणि डाव्या हाताला ती सवय नव्हती. पहिल्याच कपलरशी झटून झटून त्याला घाम फुटला. रागानं त्यानं वायर तोडायची पकड उचलली.

"तोडू नका," हर्षाली मागून म्हणाली. "सरका जरा."

तिनं दोन बोटांनी कपलर धरला, खिट्टी दाबली आणि टक करून तो सोडवला. सुदर्शन बघतच राहिला.

आता यात बघत राहण्यासारखं काही नव्हतं. लग्नाआधी हर्षाली चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीतच कामाला होती. मंचरजवळच्या तिच्या गावाहून कंपनीची बस न्यायची. लाकडी बोर्डावर वायरी अंथरायच्या, कपलरमध्ये खोचायच्या, टक आवाज ऐकायचा आणि पुढं ढकलायचं. दिवसभर तेच. लग्न जमवताना पोरगी कंपनीत आहे म्हणून कौतुक झालं, आणि अंगाची हळद उतरल्यावर कंपनीचं नाव कुणी काढलं नाही. चालतंच असं. इतक्या वर्षांत तू तिथं नेमकं काय करत होतीस, असं या घरात तिला एकदाही कुणी विचारलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिलाही अख्खी गाडी कुठं ठाऊक होती? बोर्डाचा आपल्या वाटणीचा तुकडा तेवढा तिला येत होता. ती वायर पुढं गाडीत जाऊन कशाला लागते, ते तिनं कधी पाहिलं नव्हतं.

म्हणून दोघं मिळून कामाला लागले. कुठला भाग कशाचा, ते सुदर्शन सांगायचा, सोडवायची हर्षाली. पण एकदा सुटलेलं पुन्हा कुठं लावायचं, हा घोर होता. तो चिमाबाईनं सोडवला. मेंढरांच्या वाड्यात पिल्लू आणि आई ओळखायला एकाच रंगाची चिंधी बांधतात, तसं करू म्हणाली. जे इंजिनाला लागणार, त्याचा कपलर सोडवायच्या आधीच त्याला एक चिंधी आणि जिथं तो बसतो त्या भागाला त्याच कापडाची दुसरी. बाकीच्यांना काही नाही. चिंधी असेल ते आपलं, नसेल ते परकं. मग काय, घरातलं गाठोडं सुटलं. कॉम्प्युटरला भिमाजीचं जुनं मुंडासं मिळालं, डिझेलच्या पंपाला चिमाबाईचं लुगडं, चावीच्या भोवतीच्या, चावी ओळखणाऱ्या रिंगणाला हर्षालीचा परकर. परकराची चिंधी बांधताना सुदर्शन गालातल्या गालात हसला. दिवाळीपासून तो हसलेला हर्षालीनं पाहिला नव्हता. तिला इतकं बरं वाटलं की ती उगाच तीच गाठ पुन्हा सोडून बांधत बसली.

भिमाजी सकाळी मळ्यातून यायचा, पाय धुवायचा आणि खाटेवर बसून हे बघायचा. "कोंबड्यांचा संसार मोडला तुमी," एवढंच म्हणायचा.

सगळी वायरिंग गाडीतून उपसून खळ्यावर ताडपत्रीवर पसरली तेव्हा तिचा पसारा खळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. काचा वरखाली करायच्या वायरी, थंड हवेच्या, टेपच्या, दारांच्या, धडक बसली की फुटणाऱ्या फुग्याच्या. विहिरीवरच्या इंजिनाला यातलं काय करायचंय? जो कपलर बिनचिंधीचा निघेल त्याची वायर मागं मागं हुडकत जायचं आणि मुळातून कापायची. खुरपणीसारखंच काम होतं ते. बसून बसून कंबर धरायची, हाताला चिकट काळी टेप लागायची, डोक्यावर ऊन. पण दिवसादिवसाला गठ्ठा बारीक होत होता आणि सुदर्शनचा आवाज सुटत होता. हे काय गं, ते कशाचं असंल गं, असं तो विचारायचा. हर्षालीलाही जोर चढला होता. कापलेल्या वायरी चिमाबाई गोळा करून परसात न्यायची. सुतळीपेक्षा चिवट म्हणून तिनं वालाच्या मांडवाला त्याच बांधल्या.

असं करता करता एक काळा कपलर हर्षालीच्या हातात आला. गठ्ठ्याच्या मधूनच निघालेला, बऱ्याच वायरी त्याच्यात शिरलेल्या, पण तोंडावर टोपण. तो गाडीत कशालाच लावलेला नव्हता. त्याला जोडीदार नाही, म्हणून चिंधीही नाही.

"हे कशाचं?" सुदर्शननं विचारलं.

"टोपणवाला ना? रिकामा असतो तो," हर्षाली म्हणाली. "वरच्या मॉडेलला कायतरी जास्तीचं असतं, त्याच्यासाठी ठेवतात. आमच्याकडं असले रोज टोपलीभर यायचे."

"नक्की?"

"मी सांगते ना."

त्यानं डाव्या हातानं कात्री चालवली. कपलर आपल्या शेपट्यांसकट ढिगात पडला आणि दोघं पुढच्या वायरीकडे वळले.

बेल्ह्याच्या वेल्डरकडून सांगाडा करून आणला, त्यात इंजिन बसवलं, पंप जोडला, ट्रॅक्टरनं ट्रॉली विहिरीवर नेली. चिंधीला चिंधी बघत हर्षालीनं एकेक कपलर लावला आणि प्रत्येकाचा टक आवाज कान देऊन ऐकला. शेजारचा बाळासाहेब मुद्दाम बघायला आला होता. सुदर्शननं चावी फिरवली. दिवे लागले. स्टार्टरनं इंजिन गरगर फिरवलं. पण ते पेटलं नाही.

पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. डिझेल येतंय का बघितलं, हवा काढली, कपलर दाबून दाबून बघितले. बॅटरी उतरत चालली तसा स्टार्टरचा आवाज कण्हल्यासारखा यायला लागला आणि शेवटी तोही थांबला.

"नाना, कोंबड्या तरी अंडी देत व्हत्या," बाळासाहेब म्हणाला.

भिमाजी हसला. हसावंच लागतं अशा वेळी. सुदर्शननं चावी काढून खिशात घातली आणि घराकडे निघाला. त्याची मान पार खाली गेली होती. हर्षाली मागं राहून पान्ह्यांची पिशवी भरत बसली, कारण तिला त्याच्या बरोबरीनं चालायचं धाडस होईना.

रात्रपाळीचाच आठवडा होता. संध्याकाळी भिमाजी पुन्हा मान वर करून उभा राहिला. उद्या भंगारवाल्याला सांगावा धाडू, म्हणाला, वाईट वाटून घेऊ नका. चिमाबाईनं बक्कल लावलं. त्या दिवशी सुदर्शन गोठ्यात गेला नाही. तो दारातच उभा राहून बापाच्या गळ्याकडे बघत राहिला, आणि हर्षालीला ते गोठ्यात जाण्यापेक्षा वाईट वाटलं.

सकाळी भिमाजी आला तो एका पायात चप्पल घालून. दुसरी चिखलात रुतली, म्हणाला. चिमाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. वाफ्यातल्या चिखलात माणसाची चप्पल रुतली तर माणूस वाकून काढतो. ती सोडून कधी येतो, ते विचारायची गरज कुणालाच वाटली नाही.

हर्षाली भाजीला शेंगा तोडायला परसात गेली. मन ठिकाणावर नव्हतं. हात शेंगा तोडत होता आणि डोळ्यांपुढं ती एक चप्पल. तेवढ्यात वेलाची एक फांदी बाजूला करताना काहीतरी तिच्या कपाळाला लागलं. चिमाबाईनं वेल बांधला होता त्या वायरीच्या टोकाला तो काळा कपलर लोंबत होता.

तिनं तो हातात धरला. आणि पहिल्यांदा नीट बघितला.

एका बाजूला सगळ्या काळ्या वायरी. दुसऱ्या बाजूला सगळ्या तपकिरी. कंपनीत जे रिकामे कपलर यायचे त्यांच्यात एक वायर लाल, एक पिवळी, एक हिरवी, ज्याचं काम त्याचा रंग. एकाच रंगाच्या इतक्या वायरी एका घरात कशाला शिरतील? केसांतला आकडा काढून तिनं टोपण उचकटलं. कंपनीतलं टोपण आतून पोकळ असायचं. याच्यात तांब्याचा कंगवा होता. दोन कंगवे. एक काळ्या वायरींना एकमेकींशी जोडणारा, एक तपकिरींना. त्या वायरी इथून पुढं कुठं जाणार नव्हत्याच. त्या एकमेकींना भेटायला इथं आल्या होत्या, आणि तिनं त्यांची भेट तोडली होती.

आता दोन वाटा होत्या. गुपचूप जाऊन जोडून यावं आणि आपोआप चालू झालं म्हणावं, हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण सासरा रात्रभर उसाच्या कडेला उभा होता तो आपल्या एका शब्दापायी, हे तिला गिळता येईना. शेंगांचं भांडं तिथंच ठेवून ती कपलर घेऊन विहिरीवर गेली. सुदर्शन ट्रॉलीच्या दांडीवर बसला होता.

"हे रिकामं नव्हतं," ती म्हणाली. "माझं चुकलं."

तिनं कंगवा दाखवला. त्याला क्षणभरानं कळलं, आणि कळल्यावर त्याचा चेहरा तापला.

"मंग येवढ्या तोऱ्यात का सांगितलंस? न्हाई ठावं म्हणायचं."

"तुमी पयल्यांदा विचारलं व्हतं मला," हर्षाली म्हणाली. "ह्या घरात कुणी पयल्यांदा कायतरी विचारलं व्हतं. न्हाई ठावं म्हणायचं जिवावर आलं."

तिला रडू आलं होतं आणि तिनं ते लपवलं नाही. सुदर्शननं खिशातून चाकू काढून तिच्या हातात दिला आणि स्वतः वायरिंगची टेप उलगडायला लागला.

कापलेली टोकं गठ्ठ्यात होतीच. काळ्या काळ्या एकीकडे, तपकिरी तपकिरी एकीकडे. तिनं चाकूनं साल काढायची, त्यानं डाव्या हातानं टोकं एकत्र धरायची, तिनं पीळ घालायचा. धरता धरता त्याची बोटं थकली तेव्हा त्यानं वायरी दातात धरल्या. भिमाजीला झोप लागली नव्हती. ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणा, असा निरोप गेला तसा तो बॅटरी घेऊन स्वतःच आला आणि बांधावर टेकला.

चावी फिरवली. इंजिन गरगरलं, खोकलं, काळा धूर टाकला, आणि पेटलं. सुदर्शननं गाडीतून काढून बसवलेलं पायडल दाबलं तसं ते गुरगुरत चढत गेलं. पंपानं हवा ओकली, पाइप थरथरला, आणि पाणी आलं. दिवसाढवळ्या, लख्ख उन्हात. हर्षालीनं पुढं होऊन त्या पाण्याखाली ओंजळ धरली.

सुदर्शननं खोरं घेतलं आणि पाण्याच्या मागोमाग खालच्या वाफ्यांकडे गेला. उसाच्या कडेचे तेच वाफे. उजव्या हातानं दांडा नीट धरवत नव्हता, माती अर्धी सांडत होती, पण तो पाणी धरत होता. भिमाजी चालत चालत जाऊन वरच्या बांधावर बसला. दुपार व्हायच्या आत हर्षाली दोघांची भाकरी घेऊन तिथं पोहोचली. विहिरीवरच्या इंजिनाचा आवाज इथवर बारीक येत होता.

तिनं फडकं सोडलं. भिमाजीनं भाकरी हातात घेतली, पण मोडली नाही. वाफ्यात पसरत जाणाऱ्या पाण्याकडे तो बघत होता.

"पोरी," तो म्हणाला, "मला लई भ्या वाटायचं गं."

हर्षालीला आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "कसलं, नाना?"

"रातीचं. ह्या उसापाशी आलो की पाय उचलायचा न्हाई. पाणी कुठं चाललंय ते बी दिसायचं न्हाई. बांध फुटून वाहून गेलं तरी मी आपला हुबा. काल तर पळालो."

खाली सुदर्शनचं खोरं थांबलं होतं. भिमाजीला ते दिसलं की नाही कुणास ठाऊक.

"मग सांगितलं का न्हाई?" हर्षालीनं विचारलं. "मांजराची जात म्हणत व्हता की."

"सांगितलं असतं तर त्यो गेला असता," भिमाजी म्हणाला. "माझ्या भ्यापायी त्यो पट्टा घालून गेला असता. मी भीत न्हाई म्हणल्यावर निदान घरात तरी बसला."

सुदर्शन वाफ्यात उभा होता. पाणी त्याच्या पायांवरून जात होतं आणि तो हलत नव्हता. मग खोरं तिथंच चिखलात टाकून तो बांध चढून वर आला आणि बापाच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल असा बसला. तो रडत होता. भिमाजीनं भाकरीचे दोन तुकडे केले आणि एक त्याच्या डाव्या हातात ठेवला. दोघंही एकमेकांकडे न बघता खायला लागले.

वाफा तुडुंब भरून फुटायला आला होता. हर्षालीनं पदर खोचला, खाली उतरून खोरं उचललं आणि पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं.